सालसा : पाऊल लहान, वजन पूर्ण

नमस्कार, श्रोतेहो. सालसा म्हटलं की जोडीचा नाच डोळ्यांसमोर येतो. पण गाणं रंगात आलं की जोडीदार एकमेकांचे हात सोडतात आणि ज्याचा तो नाचू लागतो. नाचणारे याला शाइन्स म्हणतात. आज बोलूया या एकट्याच्या पदन्यासाबद्दल.

हिशेब आठ मात्रांचा. एक-दोन-तीन पावलं, चौथी मात्रा रिकामी. पाच-सहा-सात पावलं, आठवी रिकामी. केरवा कानात असेल तर हे मोजणं जड जाणार नाही. पाऊल मात्र लहान ठेवा आणि अंगाचं वजन त्यावर पूर्ण टाका. पुन्हा सांगते : पाऊल लहान, वजन पूर्ण.

का, ते कोलंबियातलं काली शहर सांगेल. ही गोष्ट मला फार प्रिय आहे. काली म्हणजे उसाचा, साखर कारखान्यांचा मुलूख. 1960च्या दशकात ब्वेनाव्हेंतुरा बंदरातून, खलाशांच्या हातून, क्यूबाच्या आणि न्यूयॉर्कच्या गाण्यांच्या तबकड्या तिथे येत. कालीकरांचे पाय पाचांगा या जलद नाचाला सरावलेले. त्यात न्यूयॉर्कहून बुगालू हा नवा संगीतप्रकार आला, आणि तो यांना फारच संथ वाटला. मग तबकडी लावणाऱ्यांनी काय करावं? रेकॉर्ड प्लेअरचा खटका फिरवला आणि मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी चक्क 45वर लावली! गायकाचा आवाज चिरका झाला, ट्रंपेट किंचाळायला लागलं, लय एक तृतीयांशाने वाढली. पण लोक थांबले नाहीत, नाचत राहिले. एवढ्या लयीत लांब पाऊल टाकून कसं चालेल? पुढच्या मात्रेआधी पाय अंगाखाली परत यायला हवा. म्हणून पावलं आखडली, चवड्यांवर आली, वरचं अंग त्या मानाने स्थिर राहिलं. आजही कालीचा सालसा ओळखला जातो तो या भिरभिरत्या पायांमुळेच.

    

हातांना आता थोडाच वेळ उरला. पावलं बसेपर्यंत हात कोपरात वाकवून कमरेजवळ राहू द्या. मग चालताना हलतात तेवढेच सोडा : उजवा पाय पुढे, तर डावा हात पुढे. कंबर मुद्दाम हलवू नका. ओट्याला धरून करून पाहा. डावा गुडघा वाकवून पाऊल ठेवा आणि वजन टाकत टाकत गुडघा सरळ करा. कंबर आपसूक डावीकडे सरकेल. मग हेच उजवीकडे. पाऊल लहान, वजन पूर्ण. आधी गाण्याशिवाय, तोंडाने मात्रा मोजत, आणि चौथ्या-आठव्या मात्रेला पाय उचलायची घाई न करता.