हळदीच्या डागाचा अभ्यास

पांढऱ्या शर्टावर सांडलेल्या वरणाचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे घरोघरी दिसते. पण वर्गातल्या विज्ञानापर्यंत हा डाग क्वचितच पोहोचतो.

हळद पाण्यात कालवून कागदावर लावावी आणि कागद सावलीत वाळवावा. या पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब पडला, की तिथे तांबूस ठिपका उमटतो आणि त्यावर लिंबू पिळले, की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीतील कुरकुमिन हे रंगद्रव्य साबणाच्या पाण्यासारख्या आम्लारिधर्मी द्रावणात हायड्रोजन आयन गमावते आणि त्यामुळे प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागते. हा बदल साधारण 7.4 ते 8.6 या सामूदरम्यान (pH; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) होत असल्याने साधे पाणी आणि लिंबाचा रस यांतला फरक हळदीला कळत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क हवा, जो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो.

बहुतेक वेळा प्रयोग रंग पाहून संपतो. खरे तर मोजणी तिथूनच सुरू व्हायला हवी. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, डोळ्यांना जपून, चिमूटभर हळद घालावी, ड्रॉपरने लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडत ढवळत राहावे आणि लाली जाऊन पिवळा रंग टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहून ठेवावे. सोड्याचे तेच पाणी दुप्पट घेतले, की थेंबही जवळपास दुप्पट लागतात. हे आकडे आलेख कागदावर मांडले, की बिंदू एका सरळ रेषेजवळ पडतात, आणि गणिताच्या पुस्तकातले समचलन मुलांना स्वतःच्या हाताने काढलेले दिसते.

दुसऱ्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती उन्हात ठेवावी. उघडा भाग फिका पडतो, कारण प्रकाशाने कुरकुमिनचे विघटन होते. धुतलेल्या शर्टावर उरलेला डाग दोरीवर वाळताना का विरतो, ते इथे उलगडते.

भूगोलाच्या तासाला सांगलीचा हळद बाजार आणि जवळच्या हरिपुरातील, हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे अभ्यासता येतात. नागरिकशास्त्रासाठी तर मोठीच कथा आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्यात जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेखही पुरावा म्हणून मांडले गेले, हे गुडघा खरचटल्यावर आजीकडून हळद लावून घेतलेल्या मुलांना आवर्जून सांगावे.