दुसऱ्या हॅडामार्डनंतर

पडद्यावर पायथनच्या जेमतेम पाच ओळी आहेत. क्वांटम संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे किस्किट हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून एका क्यूबिटचे, म्हणजे अशा संगणकातल्या माहितीच्या सर्वांत लहान एककाचे, सर्किट मांडले आहे. शून्य अवस्थेतल्या त्या क्यूबिटवर हॅडामार्ड गेट, म्हणजे त्याला शून्य आणि एक यांच्या समसमान मिश्र अवस्थेत नेणारी क्रिया, लावले आहे आणि लगेच मापन केले आहे. हा प्रोग्रॅम सिम्युलेटरवर, म्हणजे क्वांटम यंत्राची नक्कल करणाऱ्या साध्या संगणकावर, १०२४ वेळा चालवला की साधारण निम्म्या वेळा शून्य येते आणि निम्म्या वेळा एक. पुन्हा चालवला, तर दहा-वीस आकडे इकडचे तिकडे होतात.

नव्याने शिकणारा इथेच थांबला, तर क्यूबिट म्हणजे छापा-काटा अशी त्याची समजूत होते. ती दूर करायला लांबलचक व्याख्यानापेक्षा एक जादा ओळ अधिक उपयोगी पडते, असे आमचे ठाम मत आहे. मापनाच्या आधी तेच गेट आणखी एकदा लावायचे. उडवलेले नाणे पुन्हा उडवले तरी निकाल निम्मा-निम्माच राहतो. इथे मात्र १०२४ च्या १०२४ वेळा शून्य उमटते.

हे कसे घडले, ते कागदावर मांडून पाहता येते. पहिल्या गेटनंतर शून्य आणि एक या दोन्ही अवस्थांना प्रत्येकी आयाम (ॲम्प्लिट्यूड) नावाची संख्या मिळते. या आयामाचा वर्ग म्हणजे ती अवस्था मापनात दिसण्याची संभाव्यता. संभाव्यता कधीच ऋण नसते, आयाम मात्र ऋण असू शकतो. दुसऱ्या गेटमधून 'एक'कडे दोन वाटा जातात, एकीचा आयाम अधिक अर्धा आणि दुसरीचा उणे अर्धा, म्हणून त्या एकमेकींना पुसून टाकतात. 'शून्य'कडे जाणाऱ्या दोन्ही वाटा अधिक अर्ध्याच्या असल्याने त्यांची बेरीज पूर्ण एक होते. लाटांच्या बाबतीत शाळेत शिकलेले व्यतिकरण ते हेच, आणि क्वांटम अल्गोरिदमची सारी करामत चुकीच्या उत्तरांच्या वाटा अशा पुसण्यात आहे.

आता दोन हॅडामार्डच्या मध्ये एक मापन घालू. निकाल पुन्हा निम्मा-निम्मा होतो, कारण मधल्या मापनाने दोनपैकी एकच वाट शिल्लक ठेवली आणि पुसायला दुसरी उरली नाही.

सिम्युलेटरवरची ही टापटीप प्रत्यक्ष यंत्रावर टिकत नाही. मे २०१६ मध्ये आयबीएमने पाच क्यूबिटचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुले केले, तेव्हापासून घरबसल्या असे प्रयोग करता येऊ लागले. त्यातले अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचे, क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास थंड ठेवावे लागतात, तरीही गोंगाट, म्हणजे क्यूबिटची अवस्था बिघडवणारे अडथळे, पुरता जात नाही आणि मोजणीत काही 'एक' डोकावतातच. मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही याच जातीच्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये झाली. यंत्रावर दोन हॅडामार्ड पाठवताना एक काळजी मात्र घ्यावी: ती एकमेकांना रद्द करतात हे कंपायलर ओळखतो आणि दोन्ही काढून टाकतो, म्हणून मध्ये बॅरिअर, म्हणजे दोन्हीकडची गेट एकत्र करू नका असे त्याला सांगणारी ओळ, लिहावा लागतो.

शेवटचा प्रयोग दोन क्यूबिटचा. मधले मापन काढून त्या जागी सी-नॉट गेट लावू. पहिला क्यूबिट 'एक' असेल तेव्हाच हे गेट दुसऱ्याला उलटवते. आता पहिल्या क्यूबिटवर दुसरे हॅडामार्ड लावून त्याचे मापन केले, तर निकाल पुन्हा निम्मा-निम्मा येतो. कोणीही मोजलेले नसताना व्यतिकरण नाहीसे झाले, कारण पहिल्या क्यूबिटची वाट दुसऱ्यात नोंदली गेली आहे आणि दोघे एकमेकांत गुंतले आहेत. त्याच जागी आणखी एक सी-नॉट लिहिले की ती नोंद पुसली जाते. प्रोग्रॅम पुन्हा चालवल्यावर पडद्यावर शून्याचीच मोजणी दिसते, १०२४.