३० सप्टेंबरचा पट

पटसंख्येवर बोलायचं म्हटलं की मला २०११चा ऑक्टोबर आठवतो. इथल्या बऱ्याच शिक्षकांनाही आठवत असेल. दसऱ्याच्या तोंडावर तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच आहेत का हे पथकांनी शाळेत येऊन मोजलं. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बोटाला मतदानासारखी शाई. लाखांनी खोटी नावं उघडी पडली. चांगलंच झालं, खोट्या नावांवर पोषण आहाराचा तांदूळ उचलणाऱ्यांची बाजू मी कधी घेतली नाही.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात, डोंगरातल्या एका वस्तीवर होतो. पहिली ते चौथी, पट २३, आणि तेवीसच्या तेवीस हजर! पथकातले साहेब चहा न घेताच खूश होऊन गेले. दसरा झाला, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडपी साखर कारखान्यांकडे निघाली. एका सकाळी चौथीतली पोरगी कडेवर भाऊ घेऊन शाळेच्या दारात आली. खाली ट्रक उभा. त्यात पत्र्याची पेटी, भांड्यांचं गाठोडं, दोन शेळ्या. नखावरची काळी रेघ दाखवून तिनं विचारलं, "गुरुजी, ही शाई गेली तर माझं नाव कटंल का?"

मी नाही म्हणालो. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात नऊ जण होते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे कागदावर तेवीसच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आटोपतं घेतो. पण एवढं ऐकाच. पट किती हे सगळे विचारतात, पटावर कोण हे जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची वही उघडल्याशिवाय कळत नाही. माझ्या शेवटच्या शाळेत १८ मुलं होती, त्यांतल्या ११ मुली. भाऊ इंग्रजी शाळेच्या गाडीत, बहीण आमच्याकडे. उरलेली बहुतेक ऊसतोड करणाऱ्यांची. पट घटतो त्याला गुरुजी कामचुकार हे एकच कारण नसतं. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर १.७ होता, मुळात लेकरंच कमी जन्मतात.

विसाच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त, असं २०२३च्या सुमारास शासनाच्याच आकड्यांत होतं. त्या एकत्र करून समूहशाळा काढायचं तेव्हापासून चाललंय. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले, आणि पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं आपल्या नियमांतच आहे. ओढा ओलांडून जायचं झालं तर आधी त्या अकरा मुलीच घरी बसतील, कारण धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच.

म्हणून माझं मागणं आहे, जानेवारीत दुसऱ्यांदा मोजा. कोण गेलं, कुणाबरोबर गेलं, हे लिहा. आणि मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर नको, दसऱ्याच्या आधी येऊ द्या. पोर आजीपाशी ठेवायचं की ट्रकमध्ये घ्यायचं, हे घरात त्याच आठवड्यात ठरतं.