लागलं का कुठे?

हा इंदूरचा भंवरकुआँ. कोचिंगच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, डबेवाले, आणि महिन्याच्या फीवर खुर्ची देणाऱ्या लायब्रऱ्या. पदवी झाली आणि नोकरी लागली नाही, की पावलं इकडे वळतात. रामबाग, लोकमान्य नगर इथल्या मराठी घरांतली मुलंमुलीही त्यांत आहेत. घरी पाहुणे आले की प्रश्न ठरलेला : "काय रे, लागलं का कुठे?"

उत्तर बरंचसं तो कोणत्या वर्षी पास झाला यावर असतं. 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये देशाची अर्थव्यवस्था सुमारे 24 टक्क्यांनी आकसली. पुढे आयटीत जोरात भरती झाली. मग अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला, आणि 2023-24 या एका वर्षात टीसीएसची माणसं 13,249 नं कमी झाली, इन्फोसिसची 25,994 नं. दोघांचेही कॅम्पस इथे सुपर कॉरिडॉरवर आहेत.

काम घटलं की कंपनी आधी कुणाला काढत नाही. सोडून गेलेल्यांच्या जागा भरत नाही, नव्यांची भरती थांबवते. त्याचा गाजावाजा होत नाही. इंदूरनं 1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद होताना पाहिली. कामगारांच्या थकलेल्या पैशांसाठी 2023 चा डिसेंबर उजाडला, पण निदान फाटकासमोर बसायला, घोषणा द्यायला जागा होती. ज्याला कामावर घेतलंच नाही, त्यानं कुठल्या फाटकासमोर बसायचं?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. न शिकलेल्याला थांबणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, कारण घरानं त्याच्या शिक्षणावर पैसे घातलेले असतात, आणि वडिलांच्या पेन्शनवर आणखी एक वर्ष निघेल असं सगळ्यांनाच वाटत असतं.

ते एक वर्ष महाग पडतं. कॅनडात मंदीच्या काळात पदवी घेतलेल्यांचा मोठा अभ्यास झाला. सुरुवातीला त्यांची कमाई सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती, आणि ही तूट भरून यायला जवळपास 10 वर्षं लागली. मुलं तीच, कष्ट तेच, फक्त साल वाईट.

सरकारी परीक्षेची वाट तर आणखी लांब. मध्य प्रदेशच्या 2019 च्या राज्यसेवेची पूर्वपरीक्षा जानेवारी 2020 मध्ये झाली आणि अंतिम निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. तोही 87 टक्के जागांचाच. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात असल्यामुळे उरलेल्या 13 टक्क्यांचा निकाल रोखून ठेवला. पंचविशीतला उमेदवार या काळात तिशीला टेकतो.

इतका वेळ अभ्यासात घालवून तो पुन्हा खासगी नोकरीकडे वळतो, तेव्हा जाहिरातीत अट असते : याच वर्षीची बॅच. तो फ्रेशर उरलेला नसतो आणि अनुभव तर कुणी घेऊच दिलेला नसतो. ही अट कंपन्यांनी काढायला हवी. मागच्या तीन-चार वर्षांच्या बॅचना अर्ज भरू द्या, परीक्षा घ्या, मग निवडा. आणि लोकसेवा आयोगानं परीक्षेच्या जाहिरातीतच निकालाची तारीख छापावी, ती पाळावी.