दाबोळी : इमारत लोकांची, धावपट्टी नौदलाची

मंडळी, गोव्याच्या दाबोळी विमानतळाबद्दल बोलायचं तर सुरुवात पुण्यापासून करावी लागते. १८ डिसेंबर १९६१ची सकाळ. लोहगावच्या हवाई तळावरची १२ कॅनबेरा विमानं गोव्याच्या दिशेनं आली. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचं. काही मिनिटांत त्यांनी दाबोळीवर ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्यासोबत आणखी आठ कॅनबेरा आली. हवाई मोहिमेचे प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो. त्यांची आज्ञा स्पष्ट होती : धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलच्या इमारतीला आणि बाकीच्या सोयींना धक्का लावू नका. वैमानिकांनी ती तंतोतंत पाळली.

ही आज्ञा नीट लक्षात ठेवा. इमारत वेगळी आणि धावपट्टी वेगळी, असा दाबोळीचा पहिला हिशेब त्या सकाळी झाला. पुढची साठ वर्षं आपण त्याच हिशेबात जगलो.

आवारात उभी असलेली दोन प्रवासी विमानंही मुद्दाम सोडली होती, म्हणजे ती धडधाकट हाती लागली असती. त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन होतं. पण खड्डे पडलेल्या धावपट्टीचा उरलेला तुकडा वापरून पोर्तुगीज वैमानिकांनी ती दोन्ही विमानं उडवून नेली. शत्रूचे असले तरी त्या वैमानिकांच्या हिमतीला मी मनापासून दाद देतो.

मुळात हा विमानतळ झाला कशासाठी? १९५५ साली भारतानं गोव्याची आर्थिक कोंडी केली होती. जमिनीवरून वाट नाही, म्हणून पोर्तुगीज सरकारनं आकाशाची वाट धरली. दाबोळीच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला, त्याला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं गेलं आणि त्याच वर्षी गोव्याची स्वतःची विमान कंपनीही निघाली. दमण, दीव, कराची आणि पुढे थेट लिस्बनपर्यंत तिची विमानं जात. वेढ्यात सापडलेल्या राजवटीची ही श्वासनळी होती. ती आधी दाबायची, हे युद्धाचं गणित होतं. म्हणूनच पहिला घाव धावपट्टीवर बसला.

मुक्तीनंतर, एप्रिल १९६२ मध्ये, भारतीय नौदलानं दाबोळीचा ताबा घेतला. का घेतला, हे आपल्याकडे फारसं कोणी समजावून सांगत नाही. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका १९६१ सालीच नौदलात आली होती. अशा नौकेवरची लढाऊ विमानं नौका बंदरात शिरण्याआधीच उडून जातात, कारण धक्क्याला उभ्या असलेल्या नौकेवरून ती उडू शकत नाहीत. वाऱ्यावर तोंड करून वेगानं चालणारी नौका त्यांना लागते. म्हणून किनाऱ्यावर त्यांचं घर हवं, आणि ते समुद्राला खेटून हवं. आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ तोवर कोइंबतूरजवळ सुलूरला होता, समुद्रापासून लांब. १९६४ मध्ये तो दाबोळीला आला. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून झेपावलेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांचं किनाऱ्यावरचं घर हेच. त्यांच्यानंतर इथे सी हॅरियर आली आणि आता मिग-२९के आहेत.

प्रवासी वाहतूक या सगळ्याच्या शेजारी वाढत गेली. १९८७ पासून जर्मनीहून पर्यटकांची चार्टर विमानं येऊ लागली आणि दाबोळीवरचा ताण खऱ्या अर्थानं सुरू झाला. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं. धावपट्टी आणि हवाई नियंत्रण नौदलाचं. कित्येक वर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळात नौदलाचा सराव चाले, आणि प्रवासी विमानांना आधी किंवा नंतर यावं लागे. २०१३ साली मोठं नवं टर्मिनल झालं, पण धावपट्टी एकच राहिली. ३ जानेवारी २०१८ला एक मिग-२९के धावपट्टीवरून घसरून पेटलं. वैमानिक सुखरूप बाहेर पडला, पण तेवढा वेळ सगळा विमानतळ थांबला.

नौदलानं कारवारला जावं आणि दाबोळी पूर्ण मोकळी करावी, अशी मागणी गोव्यात जुनी आहे. प्रवाशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ही मागणी करणाऱ्यांनी एकदा दाबोळीतली स्की-जंप समजून घ्यावी. विमानवाहू नौकेच्या टोकाला असतो तसा चढ आणि उतरणाऱ्या विमानाचा आकडा अडकवणाऱ्या तारा इथे जमिनीवर उभारल्या आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या देशी बनावटीच्या नौदलीय तेजसनं या चढावरून पहिली झेप घेतली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये याच तारांना आकडा अडकवून ते थांबलं. समुद्रावर जाण्याआधी हे शिकायला जागा लागते, आणि ती जागा दाबोळी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. मोपा पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. मडगाव, केपे, काणकोणच्या माणसाला तिकडे जायचं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. म्हणून दाबोळीवरची नागरी वाहतूक टिकलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं. चिखली, दाबोळी, बोगमाळोच्या घरांत अजून अशी माणसं आहेत ज्यांनी त्या सकाळचे स्फोट लहानपणी ऐकले. ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. वैमानिकांच्या बाजूची हकीकत नोंदली गेली आहे. सड्याखाली राहणाऱ्यांची फार थोडी. कोणाची आजी, कोणाचे काका बोलायला तयार असतील तर कार्यक्रमानंतर मला भेटा. वही घेऊन मी त्यांच्या घरी येईन.