डिस्क चालते, पण टिकेल का?

(दृश्य : देसाईगंज-वडसा येथील एका व्हिडिओ स्टुडिओची मागची खोली. लोखंडी कपाटात उभ्या लावलेल्या डिस्क. प्रत्येक डबीवर नाटकाचे नाव, गाव आणि साल.)

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरू लागते आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या नाटकांचे मोठे केंद्र आहे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीची दखल साऱ्या देशाने घेतली. परंतु या रंगभूमीचे जे चित्रण गावोगावच्या शूटिंगवाल्यांनी वर्षानुवर्षे करून ठेवले आहे, त्याचा मोठा भाग आजही व्हीसीडी आणि डीव्हीडीवरच आहे. मूळ कॅसेट पुन्हा वापरल्या गेल्या, जुने संगणक भंगारात गेले, आणि कित्येक नाटकांची उरलेली एकमेव प्रत म्हणजे कपाटातली ती डिस्क. ती डिस्क वाचवायची तर तिच्यावरचा मजकूर वेळेवर नव्या डिस्कवर उतरवला पाहिजे, आणि ती नवी डिस्क भरवशाची असली पाहिजे.

हार्ड डिस्क असताना पुन्हा डिस्कच कशाला, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. स्टुडिओत हार्ड डिस्क आहेच आणि एक प्रत तीवरही ठेवली जाते. मात्र एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचे चित्रण चुकून पुसले जात नाही, तिला व्हायरस लागत नाही, आणि मृगाच्या तोंडावर वीज कडाडून व्होल्टेज वरखाली झाले तरी कपाटातल्या डिस्कला काही होत नाही. ज्या भागात वादळाबरोबर दिवे जातात आणि येताना कधी कधी उपकरणे जाळून येतात, तेथे हा गुण लहान नाही.

(दृश्य : एक जुनी व्हीसीडी प्रकाशात तिरपी धरली आहे. वरच्या छापील बाजूवर नखाएवढा पापुद्रा उडालेला दिसतो आणि त्यातून प्रकाश आरपार येतो.)

हा पापुद्रा नीट पाहावा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. तिच्यात माहिती खालच्या चकचकीत बाजूला असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खाली पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा जाड थर असतो, आणि ज्यात माहिती लिहिली जाते ते रंगद्रव्य, त्यावरचा चांदीचा परावर्तक थर व पातळ लाखेचे संरक्षण हे सारे छापील बाजूला अगदी लागून असते. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा निभावून जातो, पण वरच्या बाजूला टोकदार पेनने लिहिलेले नाव किंवा ओढून काढलेले स्टिकर माहितीसकट थर उचलून नेते. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. तरीही स्टिकर तेथेही नकोच, कारण त्याने फिरणाऱ्या डिस्कचा तोल बिघडतो आणि उन्हाळ्यात गोंद आक्रसला की डिस्क किंचित वाकते. नाव लिहायचे ते मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने.

जुन्या व्हीसीडी आधी उतरवून घ्याव्यात, याला आणखी एक कारण आहे. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करण्याची जादा तजवीज असते. व्हीसीडीच्या चित्रफितीत ही जादा तजवीज काढून खंडात २३२४ बाइट बसवलेले असतात. त्यामुळे ७०० एमबीच्या डिस्कवर सुमारे ८०० एमबीचे चित्रण मावते खरे, पण डिस्क जुनी होऊ लागली की चित्रावर चौकोनी ठिगळे येतात, आवाज तुटतो आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगते, "भाऊ, सीडी अर्ध्यातच अटकून राहिली." तोवर बराच उशीर झालेला असतो.

आता कोऱ्या डिस्कच्या निवडीकडे येऊ.

बाजारात पन्नासचा डबा घेताना दुकानदार ब्रँड सांगतो, आणि घेणाराही ब्रँडच विचारतो. वास्तविक एकाच ब्रँडच्या दोन डब्यांतली डिस्क दोन वेगळ्या कारखान्यांची असू शकते, कारण अनेक ब्रँड स्वतः डिस्क बनवत नाहीत, त्या बनवून घेऊन छापतात. खरा बनवणारा कोण आणि डिस्क कोणत्या जातीची, याची खूण कोऱ्या डिस्कच्या खाचेतच कोरलेली असते. सीडीत तिला एटिप म्हणतात, डीव्हीडीत मीडिया कोड म्हणतात. डिस्क राइटरमध्ये, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये, घालून इमगबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाहिले की ती अक्षरे लगेच दिसतात. जपानची तायो युदेन कंपनी या क्षेत्रात फार नावाजलेली होती. २०१५ अखेर तिने हा धंदा सोडला. भारतात ज्यांच्या डिस्क गल्लोगल्ली मिळत, त्या मोजर बेअर कंपनीचे विसर्जन करण्याचा आदेश २०१८ साली झाला. व्हरबॅटिम हे नाव २०१९ साली तैवानच्या सीएमसीकडे गेले. म्हणजे दहा वर्षांपूर्वी चांगले ठरलेले नाव आज त्याच मालावर असेलच असे नाही, आणि जुना साठा म्हणून मिळणारा डबा कोणत्या गोदामात किती उन्हाळे तापला हे दुकानदारालाही ठाऊक नसते. या परिस्थितीत ब्रँडचे नाव खरेदीची सुरुवात करण्यापुरते उपयोगी आहे. निर्णय त्यावर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जपणुकीसाठी पुनर्लेखनाच्या म्हणजे आरडब्ल्यू डिस्क टाळाव्यात आणि दोन थरांच्या डीव्हीडीपेक्षा ४.७ जीबीची एकथरी बरी. सीडीत थॅलोसायनिन हे रंगद्रव्य सायनिनपेक्षा उजेडाला जास्त काळ तोंड देते. खालची बाजू फिकट पोपटी-सोनेरी दिसली तर ते थॅलोसायनिन असण्याचा संभव मोठा असतो, मात्र डीव्हीडीच्या बाबतीत नुसत्या रंगावरून काही ठरवू नये. मोठ्या चित्रणांसाठी २५ जीबीची ब्लू-रे घ्यायची असल्यास एलटीएच लिहिलेली घेऊ नये, कारण तीत पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि नेहमीच्या ब्लू-रे डिस्कमध्ये ते नसते.

(दृश्य : नव्या डब्याचे झाकण निघते. वरची, मधली आणि तळाची अशा तीन डिस्क बाजूला काढल्या जातात.)

पेरणीपूर्वी शेतकरी ओल्या गोणपाटात मोजके दाणे गुंडाळून बियाण्याची उगवण पाहतो, तशीच येथे डब्याची परीक्षा होते. तीन डिस्क काठोकाठ भरून लिहिल्या जातात आणि त्यांचा निकाल साऱ्या डब्याला लावला जातो. काठोकाठ भरण्याला कारण आहे. डिस्कवर लेखन आतून बाहेर जाते, आणि रंगद्रव्याचा थर कमीजास्त होणे, चकत्या नीट न चिकटणे, कड वाकणे हे दोष बाहेरच्या कडेलाच अधिक सापडतात. अर्धवट भरलेली चाचणी डिस्क ही कड दाखवतच नाही. उलट, खऱ्या जपणुकीच्या डिस्कवर मात्र शेवटची थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडावी. डीव्हीडीवर संगणकाच्या हिशेबाने सुमारे ४.३८ जीबी मावते, आणि तेथे ४.१ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे आहे.

लेखनाच्या वेगाबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहेत. घाई असलेला मूळ वेगाच्या १६ पटीने लिहितो, आणि काळजी करणारा सर्वांत कमी वेग निवडतो. १६ पटीने डीव्हीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्यांच्या गतीने फिरते, आणि त्या गतीत डिस्कच्या तोलातला बारीकसा बिघाडही लेझरला चुकवतो. दुसरीकडे, आजच्या डिस्क आणि राइटर मधल्या-वरच्या वेगांसाठीच जुळवलेले असतात, म्हणून फार मंद लेखन हमखास चांगले निघते असेही नाही. १६ पटीच्या डीव्हीडीला ८ पट हा वेग बहुधा योग्य ठरतो, पण तोही चाचणीने ठरवावा. बटण दाबल्यानंतर राइटर काही क्षण नुसताच घरघरतो, तेव्हा तो आतल्या राखीव पट्ट्यावर लेझरची ताकद कमीजास्त करून त्या डिस्कला किती हवी ते पाहत असतो. ही पारख बिघडू नये म्हणून डिस्क धूळ पुसलेली, खोलीच्या तपमानाला आलेली असावी आणि डब्यातून काढल्यावर तिला खालच्या बाजूने बोट लागू नये.

वीजपुरवठ्याचा प्रश्न येथे वेगळाच आहे. संगणकाकडून माहिती येण्यास उशीर झाला तर लेखन थांबवून पुढे जोडून घेण्याची सोय राइटरमध्ये २००० सालापासून आली, पण दिवे गेल्यावर ती सोय कामाची नाही. साधा इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणभरात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि डिस्क वाया जाते. म्हणून लेखनाच्या संगणकाला यूपीएस हवाच, त्याची बॅटरी तपासलेली हवी, आणि लोडशेडिंगचे तास पाहूनच काम सुरू करावे.

(दृश्य : संगणकाचा पडदा. डिस्क फिरत असताना आलेखावर आडव्या अक्षाने जीबी आणि उभ्या अक्षाने चुकांचे निळे ठोकळे उमटत आहेत. ४ जीबीच्या पुढे ठोकळे उंच होत जातात.)

हा आलेखच या चित्रपटाचा गाभा आहे, त्याच्यापाशी थोडे थांबू.

डिस्क लिहून झाल्यावर सॉफ्टवेअर 'यशस्वी' असे सांगते, त्याचा अर्थ लेखन मध्ये थांबले नाही एवढाच होतो. त्यापुढची पायरी म्हणजे पडताळणी, ज्यात डिस्कवरची प्रत्येक फाइल परत वाचून मूळ फाइलशी ताडली जाते. ही पडताळणी केल्याशिवाय मूळ पुसूच नये, आणि ती दुसऱ्या ड्राइव्हवर केली तर अधिक चांगले, कारण ज्या राइटरने लिहिले तो स्वतःचे लेखन सांभाळून वाचतो. परंतु पडताळणीही आज माहिती शाबूत आहे इतकेच सांगते. पूर्णपणे शाबूत वाचली जाणारी डिस्क पुढच्याच उन्हाळ्यानंतर वाचता येऊ नये, असे घडू शकते. डीव्हीडीवर प्रत्येक ३२ किलोबाइटच्या खंडाबरोबर दुरुस्तीची जादा माहिती लिहिलेली असते, आणि ड्राइव्ह वाचताना बारीक चुका मुकाट्याने दुरुस्त करत जातो. चुका वाढत असतात, पाहणाऱ्याला चित्र स्वच्छच दिसत असते, आणि दुरुस्तीची क्षमता संपली की एकाएकी सारे बंद पडते. त्या दुरुस्त होऊन गेलेल्या चुका मोजणे म्हणजेच स्कॅन.

ही मोजणी सगळे ड्राइव्ह करू देत नाहीत. लाइटऑनचे अनेक ड्राइव्ह करू देतात, आणि नीरो डिस्कस्पीड, ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल किंवा लिनक्सवर क्यूपीएक्सटूल यांतून आलेख काढता येतो. डीव्हीडीच्या प्रमाणात सलग आठ खंडांतील पहिल्या पातळीच्या, म्हणजे पीआय चुका २८० पेक्षा जास्त नसाव्यात आणि त्या पातळीला न सुधारलेल्या, म्हणजे पीआयएफ, एका खंडात ४ च्या वर जाऊ नयेत. सीडीत सेकंदाला २२० चुका ही मर्यादा आहे, आणि सी-टू, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या पातळीला न सुधारलेली, चूक एकही दिसू नये. चांगली ताजी डिस्क या मर्यादांच्या पुष्कळ खाली असते. मर्यादेला जेमतेम खेटून उत्तीर्ण झालेली नवी डिस्क जपणुकीला घेऊ नये, तीवर गिऱ्हाइकाच्या लग्नाची जादा प्रत द्यावी. आकड्यांइतकाच आलेखाचा आकार बोलका असतो. पडद्यावर आपण पाहिले तसे शेवटच्या भागात ठोकळे चढत गेले, तर वेग कमी करून पुन्हा चाचणी घ्यावी, आणि तरीही तोच चढ आला तर डबा परत करावा. दोन वेगळ्या ड्राइव्हचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नयेत. तोच ड्राइव्ह, तोच स्कॅनचा वेग, तरच तुलनेला अर्थ असतो.

टिकाऊपणाचा अंदाज घेण्याची एक चाचणी आपल्या हवामानाने सोपी करून ठेवली आहे. एकाच डब्यातल्या, एकाच वेगाने लिहिलेल्या दोन डिस्क घ्याव्यात. त्यांचा स्कॅन जपून ठेवावा. एक कपाटात ठेवावी आणि दुसरी वैशाखात खिडकीच्या उन्हात, खालची चकचकीत बाजू वर करून ठेवावी. काही आठवड्यांनी दोन्ही पुन्हा तपासाव्यात. उन्हातली डिस्क किती वर्षे टिकेल हे यातून कळत नाही, पण दोन वेगळ्या जातींच्या डिस्क शेजारी ठेवल्या तर कोणते रंगद्रव्य लवकर हार मानते हे डोळ्यांसमोर येते. पारा ४५ अंशांपुढे नेणाऱ्या प्रदेशात हा फरक जाणून घेणे फार मोलाचे आहे.

(दृश्य : जाड मातीच्या भिंतींचे जुने घर. माजघरातील लाकडी कपाट.)

अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत डिस्कसाठी ४ ते २० अंश तपमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. टिनाच्या छपराखालच्या दुकानात हे अशक्य आहे, आणि वैनगंगेच्या काठी पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते. तरीही दोन प्रतींपैकी एक मातीच्या घराच्या माजघरात, उजेडापासून दूर, उभ्या डबीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवता येते. ही पुडी दर पावसाळ्यात बदलावी लागते. दुसरी प्रत वेगळ्या गावी असावी.

प्रत्येक डिस्कमागे वहीत एक ओळ लिहिली जाते. नाटकाचे नाव, मीडिया कोड, राइटर, लेखनाचा वेग, पहिल्या स्कॅनचे सर्वांत मोठे आकडे आणि तारीख. फाइलींची चेकसम यादी, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडण्याचे आकडे, डिस्कवरही असते आणि वहीबरोबर पेनड्राइव्हवरही. दरवर्षी पाऊस संपल्यावर, नाटकांचा हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक डब्यातील निवडक डिस्क पुन्हा स्कॅन होतात. आकडे जागेवर असतील तर डिस्क कपाटात परत जाते. आधीच्या नोंदीपेक्षा ते सरळ चढताना दिसले, तर चित्र कितीही स्वच्छ चालत असो, त्या डब्यातील सगळ्या डिस्कवरचे चित्रण त्याच आठवड्यात नव्या तपासलेल्या डिस्कवर आणि हार्ड डिस्कवर उतरवले जाते. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची खाच राहिलेली नाही. म्हणून स्कॅन करू देणारा एक जादा ड्राइव्ह आणि तो यूएसबीला जोडणारी केबल, दोन्ही त्याच कपाटात खोक्यात बांधून ठेवलेली आहेत, आणि वर्षातून एकदा तोही जोडून, एक डिस्क वाचून पाहिला जातो.