झटतात सगळे, पण...
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात क्रिकेटनं करतो, म्हणजे मागच्या रांगा जाग्या राहतील. एप्रिल १९७६, पोर्ट ऑफ स्पेन. चौथ्या डावात जिंकायला ४०३ हवेत आणि आपण ४ बाद ४०६ करतो. गावसकर १०२, विश्वनाथ ११२. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना हा धावफलक पाढ्यासारखा पाठ आहे. ती दोन्ही शतकं सर्वांत जवळून कुणी पाहिली? यष्टीमागे उभ्या असलेल्या डेरिक मरेनं. हा मरे वेस्ट इंडिजच्या १९७५ आणि १९७९ च्या दोन्ही विश्वचषकांत यष्टिरक्षक होता. पण आज मला त्याच्या शाळेबद्दल बोलायचं आहे. क्वीन्स रॉयल कॉलेज. नाव कॉलेजचं असलं तरी ही मुलांची माध्यमिक शाळाच.

पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे त्रिनिदादची राजधानी. शहराच्या उत्तरेला क्वीन्स पार्क सवाना नावाचं २६० एकरांचं मैदान आहे. कडेनं नारळपाणीवाले उभे असतात, कार्निव्हलचा मोठा मंडप इथेच पडतो. मैदानाच्या पश्चिम कडेला, मारावल रोडवर, ओळीनं सात जुन्या इमारती आहेत. तिथले लोक त्यांना 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणतात. कोको आणि व्यापारात पैसा केलेल्यांच्या हवेल्या, आर्चबिशपचा वाडा, अशी सगळी बडी मंडळी. त्या ओळीत दक्षिण टोकाला ही शाळा. निळसर चुनखडीचा दगड, मध्ये लालसर पट्टे, कमानींचे व्हरांडे, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. मी कुंपणाबाहेर नारळ पीत उभा होतो तेव्हा त्या घड्याळाचे टोल पडले आणि आतून एकदम कालवा झाला. शाळा सुटली की जगात सगळीकडे सारखाच आवाज येतो बघा. दप्तर एका खांद्यावर, शर्ट बाहेर, आणि फाटकाशी उगाचच रेटारेटी.

शाळा इमारतीपेक्षा जुनी आहे. १८५९ साली सरकारनं ती 'क्वीन्स कॉलेजिएट स्कूल' या नावानं काढली. सरकारी आणि धर्मनिरपेक्ष. त्या बेटावर हे सोपं नव्हतं. राज्य इंग्रजांचं असलं, तरी जुने जमीनदार बहुतेक फ्रेंच वळणाचे कॅथलिक. धर्माशिवाय शाळा कसली, म्हणून त्यांनी १८६३ मध्ये आपलं सेंट मेरीज कॉलेज उभं केलं. या दोन शाळांची चुरस आजही फुटबॉलच्या मैदानावर चालू आहे. १८७० मध्ये गव्हर्नर गॉर्डन यांनी सरकारी शाळेला आजचं नाव दिलं. स्वतःची इमारत मिळाली मात्र १९०४ मध्ये. आराखडा काढला सरकारी बांधकाम खात्यातल्या डॅनियल हान यांनी, आणि ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. घड्याळ १९१३ मध्ये एका व्यापाऱ्यानं दिलं.

आता मुद्द्याकडे येतो. शाळेचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ असा: झटतात सगळे, पण बक्षीस सगळ्यांना नाही. आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर 'सा विद्या या विमुक्तये' असतं. हे बरंच रोखठोक आहे! आणि शाळा त्याप्रमाणेच चालायची. फी भरायची ऐपत गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. बाकीच्या पोरांसाठी परीक्षेतून मिळणाऱ्या मोजक्या फुकट जागा. शेवटी केंब्रिजची परीक्षा, पेपर तपासायला बोटीनं विलायतेला जायचे. त्यात जो सर्वांत वर, त्याला 'आयलंड स्कॉलरशिप', म्हणजे सरकारी खर्चानं थेट इंग्लंड. संपूर्ण बेट त्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. काळ्या किंवा हिंदी घरातल्या मुलाला डॉक्टर-वकील व्हायचं तर दार तेवढंच, आणि तेही किलकिलं.

या दारापाशी तीन मुलं उभी करून पाहू.

पहिला सी. एल. आर. जेम्स. जन्म १९०१, टुनापुनाच्या शाळामास्तरांचा मुलगा. नवव्या वर्षी फुकट जागा मिळवली. आता हा आयलंड स्कॉलरशिप आणणार, असं घरानं धरून ठेवलं. पोरगं गेलं क्रिकेट आणि इंग्रजी कादंबऱ्यांच्या नादी! स्कॉलरशिप हुकली. पुढे त्यानं लिहून ठेवलं आहे की वर्गात आम्ही मास्तरांशी बेधडक खोटं बोलायचो, कॉप्या करायचो, पण मैदानावर अंपायरनं बोट वर केलं की एक अक्षर न काढता तंबूत परत. साहेबाची शिस्त त्यांनी नेमकी जिथे आवडली तिथेच उचलली. हाच जेम्स नंतर त्याच शाळेत शिकवू लागला आणि १९३२ मध्ये इंग्लंडला गेला. हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहिला तो यानंच.

दुसरा एरिक विल्यम्स, जन्म १९११. बाप पोस्टात कारकून, घरात पोरं भरपूर. जेम्सनं ज्यांना शिकवलं त्यांतला हा एक. शाळेत फुटबॉल खेळताना मार लागला आणि त्याला जन्माचं कमी ऐकू येऊ लागलं. पुढे पंतप्रधान झाल्यावर विरोधक बोलायला उठले की तो कानातलं यंत्र बंद करतो, असं लोक सांगत. खरंखोटं त्यालाच ठाऊक. यानं स्कॉलरशिप मिळवली. ऑक्सफर्डला गेला, इतिहासात पहिला वर्ग, मग डॉक्टरेट. आणि विषय काय घेतला? गुलामगिरी इंग्रजांनी केवळ दयेपोटी बंद केली नाही, त्यामागे पैशाचं गणित होतं. साहेबाच्या पैशानं साहेबाच्या विद्यापीठात बसून साहेबाची वही तपासली! १९४४ मध्ये त्याचं 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' आलं आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरा आपल्या ओळखीचा: विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल. जन्म १९३२, चगुआनास. पूर्वज उसाच्या मळ्यांवर करारानं आलेले. १८४५ ते १९१७ या काळात एक लाखाच्या वर हिंदी माणसं अशी त्रिनिदादला गेली, बहुतेक कलकत्त्याहून. आपले मराठी गिरमिटिये मॉरिशसला गेले, त्यामुळे ही ओळख आपल्याला जरा लांबची. नायपॉल शाळेत फ्रेंच आणि स्पॅनिश शिकला. स्कॉलरशिप मिळाली आणि १९५० मध्ये जो ऑक्सफर्डला गेला, तो राहायला म्हणून परत आलाच नाही. २००१ मध्ये नोबेल.

एक हुकलेला, एक परत येऊन राज्य करणारा, एक निघून गेलेला. शाळेनं तिघांनाही बाहेरचा रस्ता दाखवला होता. आपल्या बेटाबद्दल मात्र वर्गात जवळजवळ काहीच सांगितलं नाही. ट्युडर राजे पाठ, आणि मळ्यावर आपला आजा कुठून आला ते नाही. हे आपल्यालाही नवीन नाही म्हणा. डॅफोडिल न बघता त्यांच्यावरचे प्रश्न आपणही सोडवले आहेत.

ही उणीव विल्यम्सनं भर चौकात भरून काढली. १९५५ पासून तो वुडफर्ड स्क्वेअर या बागेत उभा राहून हजारो लोकांना इतिहासावर व्याख्यानं देऊ लागला. लोकांनी त्या बागेला 'युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर' म्हणायला सुरुवात केली. व्याख्यानमालेतून सरकार आलेलं मला तरी हे एकच उदाहरण माहीत आहे, संयोजकांनी नोंद घ्यावी. १९५६ च्या जानेवारीत पक्ष, सप्टेंबरात सत्ता. ३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी पंतप्रधान विल्यम्स, आणि विरोधी पक्षाचे नेते गणितज्ञ रुद्रनाथ कपिलदेव, म्हणजे नायपॉलचे मामा. दोघेही याच शाळेचे! आदल्या दिवशी विल्यम्सनं शाळकरी मुलांना सांगितलं की देशाचं भविष्य तुमच्या दप्तरात आहे. ते वाक्य तिथे सुभाषितासारखं म्हटलं जातं.

दार त्यानं रुंद केलं, हे मान्य करायला हवं. माध्यमिक शिक्षण फुकट झालं, प्रवेश सामायिक परीक्षेतून होऊ लागले, पुढे केंब्रिजच्या जागी कॅरिबियन बेटांचं स्वतःचं परीक्षा मंडळ आलं. पण अकरा-बारा वर्षांच्या पोरांची ती प्रवेश परीक्षा आजही अख्ख्या घराचा घाम काढते, आणि 'चांगल्या' शाळांची नावं तीच जुनी. ब्रीदवाक्यही कुणी बदललेलं नाही.

राहता राहिला जेम्स. तो १९५८ मध्ये परत आला, जुन्या विद्यार्थ्याच्या पक्षाचं वर्तमानपत्र चालवू लागला. दोन वर्षांत बिनसलं. १९६५ मध्ये क्रिकेटचा वार्ताहर म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा विल्यम्सच्या सरकारनं त्याला काही काळ घरातच स्थानबद्ध केलं. पंतप्रधानांची कचेरी त्या वेळी व्हाइटहॉलमध्ये होती. मारावल रोडवर, शाळेच्याच ओळीत. चालत गेलं तर दहा मिनिटंही लागत नाहीत.